लाखेचा आवाज



माझी थोरली बहीण बालाघाटला राहते. बालाघाट मध्य प्रदेशात आलं, पण आम्हा गोंदियाकरांना ते शेजारच्या मोहल्ल्यासारखं. सकाळच्या गाडीने यावं, दुपारचं जेवण करून संध्याकाळच्या गाडीने परतावं. तिला आम्ही आपा म्हणतो. शाळेत मुलांना शिकवण्यात तिची हयात गेली. निवृत्तीनंतर मुलं आपापल्या संसाराला लागली आणि घर मोठं वाटायला लागलं. मग एके दिवशी तिने फोनवर फर्मान काढलं, ‘रविवारी येते. मला कबाड्यांची दुकानं दाखव.’

मला वाटलं, हिला घरातली रद्दी विकायची असेल. पण तिला विकायचं नव्हतं, विकत घ्यायचं होतं. तेव्हापासून दोन वर्षं, महिन्यातले एक-दोन रविवार, आम्ही दोघं म्हातारी भावंडं गोंदियात भंगाराचे ढीग उपसत हिंडलो. कधी तिरोड्याला गेलो, कधी आमगावला, एकदा पार भंडाऱ्यापर्यंत. लोक विचारायचे, ‘काय शोधता जी?’ आपा म्हणायची, ‘तवे.’ समोरचा माणूस पोळीचा तवा काढून दाखवायचा. मग मी समजावून सांगायचो की, तो तवा नव्हे, गाण्याचा. ग्रामोफोनच्या तबकडीला आमच्याकडे तवा म्हणत.

जुन्या वस्तूंच्या बाजाराचं एक पंचांग असतं, ते या भटकंतीत कळलं. दिवाळीच्या आधी घरोघरी साफसफाई निघते. माळ्यावरचं खाली येतं आणि खालचं दाराबाहेर जातं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावच्या मंडया सुरू होतात, दंडार होते, नाटकं होतात. पाहुण्यांसाठी पुन्हा घरं आवरली जातात. हे दोन महिने कबाड्याच्या दुकानात खरा माल दिसतो. उन्हाळ्यात गेलात तर कूलरचे पत्रे आणि मोडक्या सायकली.

काय काय पाहिलं म्हणून सांगू! तांदळाचा मुलूख आमचा, त्यामुळे धान्य मोजायच्या पायल्या ढिगाने निघतात. कुणाची पितळेची, कुणाची लोखंडाची, काठ झिजून गुळगुळीत झालेली. 1956 साली वजन-मापांचा कायदा झाला, किलो आणि लिटर आले, पायली बाजारातून हळूहळू उठली. खेड्यात मात्र ती कितीतरी वर्षं कोठीघरात बसून होती. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले आणि आणे गेले. मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा, जो आमच्या दादीच्या करदोड्यात असे, तो आता कबाड्याच्या डब्यात वॉशरांबरोबर मिसळलेला सापडतो. आपाने एक पानदान घेतलं, कल्हई उडालेलं. एक बधना घेतला, कारण तशाच बधन्याने दादी वजूला पाणी घ्यायची. हे सगळं ती घ्यायची, पिशवीत ठेवायची आणि पुन्हा विचारायची, ‘तवे आहेत का?’

या नादात फसवणूकही पुष्कळ. आमचं गाव रेल्वेचं. बंगाल-नागपूर रेल्वे ही कंपनी 1944 साली सरकारने ताब्यात घेतली, पण ‘बी.एन.आर.’ ही तीन अक्षरं अजून लोकांना भुरळ घालतात. ती अक्षरं ठोकलेले पितळी बिल्ले आणि कंदील बाजारात येतात. त्यातले बरेच काल-परवा घडवलेले असतात. ग्रामोफोनचं तर विचारूच नका. सोन्यासारखा चकाकणारा मोठा पितळी कर्णा, खाली नवं लाकूड आणि त्यावर कुत्र्याचं चित्र चिकटवलेलं. दिवाणखान्यात शोभेला ठीक, पण गाणं वाजवलं की तबकडी खरवडून टाकील. खऱ्या यंत्राचं लाकूड आतून काळवंडलेलं असतं, स्क्रू घासलेले असतात, चावीला हाताची झीज असते. आपाने दुसऱ्याच महिन्यात असा कर्णा हाताने ठोकून पाहिला आणि दुकानदाराला म्हणाली, ‘भाऊ, हा तर माझ्या नातवापेक्षा लहान आहे.’

कायद्याचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कोरीव काम, आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित, हा पुरावशेष ठरतो. तो खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. शेतात नांगराला धन लागलं तर त्यासाठी 1878 चा कायदा आहे, ते कळवावं लागतं. तेव्हा कुणी कानाशी लागून म्हणालं की, देवळातली जुनी मूर्ती आहे, स्वस्तात देतो, तर हात जोडावेत आणि चालू लागावं. आपण पायली आणि पानदान यांच्यातच बरे.

आता तव्यांकडे येतो. जुना तवा कशाचा बनतो, ठाऊक आहे? मलाही ठाऊक नव्हतं. तो बनतो लाखेचा. दळलेला दगड, काजळी, थोडे सुताचे तंतू आणि हे सगळं धरून ठेवणारी लाख. आणि लाख म्हणजे आमच्या जंगलाची. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा बसतो. तो रस पितो आणि अंगातून राळेसारखा पदार्थ सोडतो. त्याचं कवच फांदीवर धरतं. फांद्या तोडून ती खरवडायची, धुवायची आणि मग भट्टी. लांबलचक कापडी पिशवीत लाखेचे दाणे भरून ती विस्तवासमोर धरायची, पीळ देत जायचं. वितळलेली लाख कापडातून पाझरते. तिचा गरम थर कारागीर दोन्ही हातांनी, पायांनी, वेळेला दातांनीही धरून ताणतो, चादरीसारखा पातळ करतो. तो वाळला की त्याचा चपडा. गोंदियाची ओळख आज तांदूळ आणि विडी अशी सांगतात, पण लाखेचे कारखाने हीसुद्धा या गावाची जुनी ओळख आहे.

1902 साली गौहरजानचं गाणं कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालं. सुरुवातीला त्या तबकड्या जर्मनीत छापून येत, पुढे 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. आमच्याकडची लाख आगगाडीने हावड्याकडे जायची. म्हणजे पळसाच्या फांदीवरचा किडा, भट्टीवरच्या माणसाचे भाजलेले हात आणि गौहरजानचा गळा, हे तिघं एकाच काळ्या तव्यात बसले असतील. दुसऱ्या महायुद्धात बाहेरच्या देशांना लाख मिळेना. 1942 साली अमेरिकेने लाखेच्या वापरावर बंधनं घातली. तिथे जुन्या तबकड्या गोळा करून, वितळवून नव्या छापल्या गेल्या. 1948 नंतर प्लास्टिकच्या तबकड्या आल्या. आपल्याकडे लाखेचा तवा त्यानंतरही वीसेक वर्षं टिकला.

आमचे अब्बा रेल्वेत गार्ड होते, गोंदिया-जबलपूरच्या छोट्या लाईनवर. ती अडीच फुटांची नॅरोगेज आता राहिली नाही, तिथे मोठी लाईन आली. नागपूरला मोतीबाग इथे 2002 साली नॅरोगेजचं संग्रहालय उघडलं. तिथली इंजिनं पाहताना मला अजून अब्बांच्या कोटाचा वास येतो. त्यांच्याकडे पेटीचा ग्रामोफोन होता, चावी भरायचा, आणि त्रेचाळीस तवे. गार्डाचा स्वभाव म्हणजे सगळ्याची नोंद. प्रत्येक तव्याच्या लेबलवर त्यांनी जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने नंबर घातला होता. बुधवारी संध्याकाळी घरात रेडिओ सिलोन आणि अमीन सायानींचा आवाज, त्यात ते दखल देत नसत. पण ड्यूटी नसेल त्या रात्री पेटी उघडायची आणि सुई बदलायची. एक बाजू वाजली की सुई बाद, असा त्यांचा नेम.

सतरा नंबरचा तवा उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा होता, मराठी नाट्यपदाचा. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, मिरजेत राहिले, मराठी रंगभूमीची पदं गायले. अब्बा सांगत, ‘उस्ताद स्टेशनावर गेले.’ ते खरं आहे. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांना बरं वाटेना. ते सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच त्यांनी डोळे मिटले. अब्बांना हे विसरता येत नसे. स्टेशनावर कुणी म्हातारा प्रवासी भिंतीला टेकून बसलेला दिसला की ते पाणी विचारायचे.

आमच्या घरची बोली हिंदुस्थानी. मराठी शाळेत होती, बाजारात होती. पण मराठी गाता येते, तिच्यात मन ओतता येतं, हे मला पहिल्यांदा त्या सतरा नंबरच्या तव्याने सांगितलं. मला लोक विचारतात, तुम्ही मराठीत कसे लिहायला लागलात? मी काहीबाही उत्तर देतो. खरं उत्तर तो तवा आहे.

आणि तो तवा मी विकला.

1989 साल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कवितांची वही भरली होती. एका छापखान्याने कागदासाठी विसार मागितला, चारशे रुपये. अब्बा दोन दिवस लाईनवर होते. अम्मी माझ्या मामांकडे गेली होती. दारावरून कबाडी जात होता. त्याने तवे मोजले, पेटीची चावी फिरवून पाहिली आणि नोटा माझ्या हातावर ठेवल्या. पाच मिनिटांचं काम. अब्बा आले, त्यांनी पलंगाखाली पाहिलं आणि विचारलं, ‘पेटी?’ मी सांगितलं, खोटं बोललो नाही. ते खुर्चीवर बसले, मनगटातलं घड्याळ काढलं, त्याला चावी दिली आणि पुन्हा बांधलं. बोलले काहीच नाहीत. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. रेल्वेचं क्वार्टर रिकामं करायला आपा सासरहून आली. तिने पेटी विचारली. माझ्या आधी अब्बाच म्हणाले, ‘पहिल्या फेरीत हातगाडीवरून पडली, सगळे तवे फुटले.’ अब्बा आयुष्यात खोटं बोललेले मी तेवढंच ऐकलं. ते माझ्यासाठी होतं. पुढे 1996 साली अब्बा गेले, नंतर अम्मीही गेली आणि ती थाप माझ्याकडे वारशाने आली.

आता तुमच्या लक्षात येईल, त्या रविवारांना माझं काय होत असेल. आपा प्रत्येक तवा उचलायची, उजेडाकडे धरायची आणि लेबल पाहायची. मी विचारलं, काय बघतेस? ती म्हणाली, ‘नंबर.’ मी म्हटलं, ‘आपा, आपले तर फुटले ना?’ ती म्हणाली, ‘बघायला काय जातं?’ दोन वर्षं ती बघत होती, आणि मी तिच्या पिशव्या धरून शेजारी उभा होतो.

गेल्या थंडीतली गोष्ट. एका गल्लीतल्या दुकानात, गोणपाटाखाली, तीसेक तवे निघाले. आपा खाली फतकल मारून बसली. एकेक पुसत गेली. बाविसावा की तेविसावा तवा खाँसाहेबांचा निघाला, नाट्यपदाचाच. माझे पाय थरथरले. तिने लेबल रुमालाने हळूच पुसलं. नंबर नव्हता. कुणा दुसऱ्याचं नाव होतं, मराठीत, शाईने लिहिलेलं, अर्धं पुसलेलं. काठापासून मध्यापर्यंत केसाएवढी चीर गेलेली. दुकानदार शंभर म्हणाला, आपाने साठ दिले. बाहेर आलो, चहाच्या टपरीवर बसलो आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. चारशे रुपये, कबाडी, घड्याळाची चावी, सगळं.

आपाने चहा संपवला. मग म्हणाली, ‘क्वार्टरमधला शेवटचा झाडू मी मारला होता. अंगण मी झाडलं. हातगाडीचा रस्ता मी चालले. लाख फुटली की तुकडे पडतात रे. एक तुकडा दिसला नाही.’

म्हणजे तिला पस्तीस वर्षं ठाऊक होतं! मी म्हटलं, ‘मग विचारलं का नाहीस?’ ती म्हणाली, ‘अब्बांनी झाकलं होतं. ते मी कसं उघडणार? ते तुझं काम होतं.’ आणि मग, मास्तरीण वर्गात बोलायची त्या आवाजात, ‘विकलेस त्याचा राग नाही. तेव्हा तू पोर होतास. पण दोन वर्षं मी नंबर बघत होते आणि तू बघत उभा राहिलास, याचा राग आहे.’ हे सगळं ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली. तिथे ते जास्त लागलं. मराठीत सांगताना त्याची धार थोडी कमी झाली आहे, ती माझी सोय समजा.

संध्याकाळच्या गाडीला मी तिला सोडायला गेलो. तवा तिने माझ्याकडे दिला नाही, मांडीवर घेऊन बसली. पुढचा रविवार ती आली नाही. त्याच्या पुढचाही नाही. मी फोन केला की जावई उचलायचा. त्या दिवसांत मी माझा पहिला संग्रह काढून वाचला. श्रोतेहो, खरं सांगतो, त्यातल्या चार-पाच कविता बऱ्या आहेत. बाकीचा कागद वाया गेला आहे. त्रेचाळीस तव्यांच्या बदल्यात चार-पाच कविता! सौदा कबाड्याच्याच फायद्याचा झाला.

दोन महिन्यांनी तिचाच फोन आला. ‘एक मशीन आहे म्हणतात बालाघाटात. तुला कळतं त्यातलं. ये.’ मला तिच्याहून काही जास्त कळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पहिल्या गाडीने गेलो. पेटीचा ग्रामोफोन होता, लाकूड आतून काळवंडलेलं, स्प्रिंग तुटलेली. एका म्हाताऱ्या घड्याळजीने ती दुरुस्त करून दिली. नव्या पोलादी सुया अजून मिळतात, त्या मागवल्या. आपाच्या घरात, जमिनीवर सतरंजी टाकून आम्ही चावी भरली.

चीर गेलेला तवा वाजतो का? वाजतो. सुई दर फेरीला त्या चिरेवरून जाते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर टक्. त्यामागे खाँसाहेबांचा तो बारीक, जखमेवर फुंकर घातल्यासारखा आवाज. मी म्हटलं, ‘दुसरा शोधू, चांगला.’ आपा म्हणाली, ‘राहू दे. रुळाच्या सांध्यावरून गाडी जाते तसं वाजतंय. अब्बांना आवडलं असतं.’ तीन मिनिटांत बाजू संपली. तिने सुई काढली, बाद केली आणि नवी लावली.

जाता जाता दोन गोष्टी सांगतो. तुमच्या घरी असे तवे असतील तर ते उभे ठेवा, एकावर एक रचू नका, उन्हात ठेवू नका. आणि पुसायला चुकूनही स्पिरिट वापरू नका. सुतार पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो, तसा तुमचा तवाही विरघळेल. ओलसर फडक्याने, लेबल सांभाळून पुसा. हे तव्यांचं झालं. दुसरी गोष्ट अशी की, दिवाळीच्या आधी माळा रिकामा करताना, दारात कबाडी उभा असताना, घरातल्या थोरल्या माणसाला एकदा विचारा, हे कुणाचं? त्याच्या उत्तराला पाच मिनिटं लागतील. मी तेवढी पाच मिनिटं वाचवली होती.

सतरा नंबर अजून सापडलेला नाही. आपा येत्या रविवारी येते आहे. गोणपाट उचलायला आता मीही खाली बसतो, आणि लेबल मीही उजेडाकडे धरतो.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)